शेवटच्या दहा मिनिटांचे सिनेमे

आक्का,

काल केजच्या स्टँडसमोर नव्या सिनेमाचं पोस्टर पाहिलं. हिरो रक्तानं माखलेला, हातात कुऱ्हाड, मागं आग, आणि आगीच्या वर त्याच्याच तोंडाचा आणखी एक मोठा फोटो. जीप भरायची वाट बघत मी बसले होते. बघता बघता तोंडून निघून गेलं, “आदी तोंड धू म्हनावं, बाबा.” शेजारची बाई माझ्याकडं बघायला लागली. मी मान खाली घातली. ते बोलणं माझं नव्हतं, तुझं होतं. तुला जाऊन अठरा दिवस झाले, आणि पोस्टर दिसलं की अजून तूच माझ्या तोंडून बोलतेस.

हा सिनेमा सगळीकडं लई चाललाय म्हणे. मी बघितला नाही. पण बसल्या जागी मला वाटून गेलं की बघितलाय. ती कुऱ्हाड हिरोच्या बापाची आहे, बापानं ती कधी कुणावर उचलली नाही, फक्त बाभळीवर उचलली, आणि म्हणून पोरगा ती हातात घ्यायला इतका वेळ लावतो. हे मला कुणी सांगितलं? कुणीच नाही. तुझी खोड मला लागलीय.

लोक विचारतात, तुझी आणि त्यांची ओळख कशी. मी म्हणते, छावणीतली. नवीन माणसाला ते कळत नाही, मग सांगावं लागतं. त्या साली दुष्काळानं मांजरा धरण कोरडं पडलेलं, त्याच्या पोटातून लोक मोटारसायकली घालून पलीकडं जायचे. आमच्या महिला दूध संस्थेनं युसूफ वडगावच्या शिवारात जनावरांची छावणी चालवायला घेतली. उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, ट्रकनं यायचे, पाणी टँकरनं. बायका जनावरांपाशीच राहायच्या, भाकरी घरून यायची. मी संस्थेची, म्हणून माझं टेबल तिथंच, ताडपत्रीखाली. सकाळ-संध्याकाळ दुधाची फॅट काढायची आणि मधल्या वेळात माझ्या दोन गायींपाशी बसायचं. माझ्या गायींच्या शेजारच्या खुंट्याला तुझी म्हैस होती.

तू आल्या आल्या ‘जयभीम ताई’ म्हणालीस. मी नुसती मान हलवली. एवढंच केलं मी त्या दिवशी, हे आज लिहिते. जनावरं सगळ्यांची एका ओळीत होती, पण चहाचे कप पहिले आठ-दहा दिवस वेगळे होते. माझी सासू तुझ्या हातचं पाणी घ्यायची नाही. तुला ते दिसत होतं. तू तुझा चहा तुझ्या चुलीवर करून प्यायचीस आणि उरलेला म्हशीच्या पेंडीत ओतायचीस. म्हणायचीस, “हिला आवडतो.”

ते कप कधी एक झाले, ते मला नेमकं आठवत नाही. पण सिनेमामुळं झाले, हे पक्कं.

शनिवारी दुपारी तू सिनेमा सांगायचीस. बारा ते तीन काही म्हणजे काही करता यायचं नाही असं ऊन. वर हिरवी जाळी बांधलेली, तिच्यातून येणारा उजेड हिरवा. सगळ्यांची तोंडं, गायींची शिंगं, भाकरीची टोपली, सगळं हिरवं. पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटायचं, आणि पाणी तर कुठंच नव्हतं. शंभर-दीडशे जनावरं एकदम रवंथ करायला लागली की त्याचा एक सारखा आवाज व्हायचा. त्या आवाजात तू हळू आवाजात सुरू करायचीस. “तर बायांनो, एक समुद्र हुता.”

तू समुद्र बघितला नव्हतास. तुझा समुद्र भरलेल्या मांजरा धरणाएवढा होता, जरा मोठा. त्याच्या काठावर बाभळी होत्या. कुणी तुला अडवलं नाही, कारण आमच्यातल्या कुणीच तो बघितलेला नव्हता.

तो जहाजाचा सिनेमा तू दोन शनिवार पुरवून सांगितलास. हिरो लहानपणी अनवाणी, थोरला भाऊ त्याला पाठीवर घेऊन शाळेत न्यायचा. मग भाऊ जहाजावर कामाला जातो आणि परत येत नाही. हिरो मोठा होतो, त्याच जहाजाचा मालक होतो, आणि जहाजाच्या तळात त्याला भावाची चप्पल सापडते. मग तो ते जहाज पेटवून देतो आणि वाळूत येऊन पायातले बूट काढतो. एवढं सांगून तू थांबलीस. माझी सासू, जी तुझ्या हातचं पाणी घेत नव्हती, ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, “मंग? भाऊ घावला का न्हाई?”

“न्हाई घावला,” तू म्हणालीस. “बूट काढले आन् पिक्चर संपला.”

“ह्ये काय बाई! कावून केलं असं?”

“मला इचारू नका, त्येला इचारा. मला इचारलं असतं तर मी जहाज पेटवूच दिलं नसतं. त्यात किती लोकाला भाकर मिळती.”

त्यावर अर्धा तास भांडण चाललं. जहाज पेटवावं का नाही. त्या दिवशी तुझ्या चुलीवरचा चहा सगळ्यांनी प्याला.

शुक्रवारी दुपारनंतर तू छावणीत नसायचीस, दिवस मावळताना यायचीस. आम्हाला वाटायचं, तू केजला जाऊन सिनेमा बघून येतेस. तू कधी हो म्हणाली नाहीस, नाही म्हणाली नाहीस. गावातली एखादी बाई एकटीच जीपनं जाऊन सिनेमा बघून येते, याचं आम्हाला मनातून कौतुक होतं. मला तर हेवाही वाटायचा.

आता ते लिहिते जे तुझ्यासमोर मला कधी बोलता आलं नाही.

संस्थेच्या कामासाठी मला बीडला जावं लागलं. माझे मालक बरोबर होते. काम लवकर आटोपलं, आणि थेटरात तोच जहाजाचा सिनेमा लागलेला होता. मी हट्ट केला. आत जाऊन बसले आणि वाट बघायला लागले. अनवाणी पोरगा येईल, भाऊ त्याला पाठीवर घेईल. काहीच आलं नाही. हिरो पहिल्यापासून चकाचक, हेलिकॉप्टरातून उतरलेला. भाऊ नाहीच. बर्फात दोन गाणी. हिरोइनीला काही कामच नव्हतं, ती नुसती केस उडवायची. जहाज आलं ते इंटर्व्हलनंतर, त्यात सोनं होतं. आणि मग शेवटची दहा मिनिटं. जहाज पेटलं, हिरो वाळूत आला, खाली बसला आणि बूट काढले. अगदी तू सांगितलं होतंस तसं. थेटरातली माणसं उठून जायला लागली होती. मी मात्र तिथं एकटीच रडले, कारण तो बूट का काढतो हे मला माहीत होतं, आणि सिनेमावाल्यांना माहीत नव्हतं.

ते रडणं मी तुला सांगायला हवं होतं. मी सांगितलं दुसरंच.

दुसऱ्या दिवशी छावणीत सगळ्या बसलेल्या होत्या. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, “सुमनबाई, मी बघून आले जहाजाचा. तुम्ही सांगितलेलं त्यात काहीच नाही. भाऊ नाही, चप्पल नाही. शेवट तेवढा खरा.”

कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या. तू वाढे मोडत होतीस, ते मोडतच राहिलीस.

“म्हंजी तू पिक्चर बघितलाच न्हाईस?” तुझी चुलत जाऊ कमल म्हणाली. “मंग शेवट कुनी सांगितला तुला?”

तू दुसरा वाढा हातात घेतलास. कमलनं तुझ्याकडं जरा वेळ टक लावून पाहिलं, आणि तिच्या तोंडावरचं हसू गेलं. तिला काहीतरी कळलं होतं. मला ते तेव्हा समजलं नाही. मला वाटलं, मी एक खोटं पकडलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुझे मालक छावणीत आले. भानुदासभाऊ, उंच, वाळलेले, कधी कुणाशी जास्त न बोलणारे. ते तुझ्यापुढं उभे राहिले आणि हात पुढं केला. “फोन दे.” तू कमरेचा फोन काढून दिलास. आवाज नाही, भांडण नाही. त्यांनी तो खिशात घातला, मग बादली उचलली, म्हशीला पाणी पाजलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघून गेले. पुढच्या शनिवारी तू सिनेमा सांगितला नाहीस. बायका जाळीखाली आडव्या झाल्या. कुणाला झोप आली नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी तू मला ते सांगितलंस. दुधाच्या रांगेत मुद्दाम सगळ्यात शेवटी उभी राहिलीस. मी फॅट काढायची नळी धूत होते.

“उषाताई, तुमी पिक्चर बघून आल्या ते बरं झालं. मला बी कळालं, सुरवात कशी हुती ते.”

मला वाटलं टोमणा मारतेय. वर बघितलं तर तू खरंच सांगत होतीस.

“माझी लेक हाय पुन्याला, मित्रा नाव तिचं. मोठ्या थेटरात झाडती. पिक्चर सुटाया आला की बाया झाडू घिऊन दाराशी हुभ्या ऱ्हात्यात. लाइट लागल्याबिगर आत जाऊ देत न्हाईत. पर ही दार किलकिलं करून बगती, शेवटचं दहा मिंट. तेवडं मला सांगती.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं मी करते. मधी काईतरी झालं आसंलच की, त्याबिगर मानूस बूट काढून बसंल का?”

मग तू बाकीचंही सांगितलंस. मित्राचं लग्न धारूरकडं करून दिलं होतं. ती दोनदा माहेरी परत आली, आणि दोन्ही वेळेला भानुदासभाऊंनी स्वतः तिला नेऊन घातली, कारण त्यांनी चार माणसांत शब्द दिला होता. तिसऱ्या वेळेला ती माहेरी आलीच नाही, थेट पुण्याला गेली. तेव्हापासून घरात तिचं नाव काढायचं नाही. छावणी झाली आणि तू घराबाहेर राहायला लागलीस, तेव्हा कुठं शुक्रवारी कोरड्या कालव्यात बसून तिला फोन करता यायला लागला. केज नाही आणि थेटर नाही. तुझा शुक्रवार त्या कालव्यात जायचा.

“आमाला दुसरं काई बोलाया येत न्हाई, ताई. ‘जेवलीस का’ म्हनलं की ती बी रडती, मी बी रडते. म्हून मी फोन लागल्या लागल्या इचारते, ‘काय गं, आज कोन मेलं पिक्चरमधी?’ मंग ती हसती. मंग बोलनं चालू हुतं.”

माझ्या बोलण्यावरून कमलनं सगळं ओळखलं होतं, आणि तिच्याकडूनच ते भानुदासभाऊंपर्यंत गेलं होतं. मी काय केलं होतं ते मला त्या क्षणी कळलं. ‘चुकलं आक्का’ एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. ते आले नाहीत. मी म्हणाले, “उद्या शुक्रवार आहे. नंबर पाठ आहे का?”

“हाय,” तू म्हणालीस, आणि एका दमात, डोळे मिटून म्हणून दाखवलास.

दुसऱ्या दिवसापासून माझा फोन शुक्रवारी दुपारी तुझा झाला. तू वाढ्यांच्या गंजीमागं जाऊन बसायचीस आणि मी टेबलापाशी बसून तुझ्या हसण्याची वाट बघायची. ते ऐकू आलं की मग मी माझ्या कामाला लागायची.

शनिवारी मीच बायकांना सांगितलं, सिनेमा होणार आहे. कमल लांब, तिच्या बैलांपाशी बसली. तू मात्र सगळ्यांदेखत सरळ सांगून टाकलंस. “शेवट माझ्या लेकीनं बघितलेला हाय. सुरवात मला ठाव न्हाई. तुमीच सांगा काय झालं आसंल.”

तो पोलिसाचा सिनेमा होता. शेवट असा, की म्हातारी आई कोर्टात उभी राहते, पोरग्याकडं बोट करते आणि म्हणते, हाच. बस्स.

त्यानंतर जे झालं, तसा सिनेमा मी पुढं कधी बघितला नाही. कुणी म्हणालं, पोरगा पोलीस आहे. कुणी म्हणालं, नाही, पोलीस धाकटा आहे आणि बोट थोरल्याकडं केलंय. माझी सासू म्हणाली, “तिनं सुनेला जाळलेलं बघितलं आसंल आपल्या डोळ्यानं.” मग लांबून कमल बोलली, “आई असं बोट करीन का कुनाच्या बी म्हनन्यावर? तिनं आदी लई रात्री इचार केला आसंल.” तू तिला म्हणालीस, “हितं इऊन सांग की मंग. हितं ऐकू यीना.” कमल उठून आली. तू तिला जागा करून दिलीस. त्यावर तुम्ही दोघी कधी काही बोललात का, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

छावणी मोडली, जनावरं घरोघर गेली, जाळ्या उतरल्या. आपलं मात्र सुटलं नाही. तू दूध घालायला संस्थेत यायला लागलीस. बाईची आक्का झालीस, मी ताईची उषी झाले. फॅटच्या टेबलावर आपले सिनेमे चालू राहिले. गाडी चालवता चालवता गाणं म्हणणाऱ्या हिरोला तू लायसन द्यायला तयार नव्हतीस. माणसासारखा रोबोट असलेला सिनेमा आला, त्यात शेवटी तो रोबोट रडतो, असं मित्रानं सांगितलं, तर तू चिडलीस. “लोखंडाला कावून रडवायचं? मानसं कमी पडली का?” आणि मला वाटायचं, तो रडला तेच बरं. तिथून आपलं भांडण सुरू व्हायचं ते दुधाची गाडी येईपर्यंत.

मग दोन वर्षांनी आपण पुण्याला गेलो. भानुदासभाऊंना मी सांगितलं, संस्थेचं ट्रेनिंग आहे, दोन दिवसांचं, आक्काचं नाव आलंय. ते ‘बरं’ म्हणाले. निघायच्या सकाळी त्यांनी एक पिशवी आणून तुझ्या मांडीवर ठेवली. भाजलेल्या शेंगा, चांगल्या चार शेर. गाडी हलली तेव्हा तू पिशवीचं तोंड उघडून बघितलंस आणि परत बांधलंस. “एवड्या शेंगा ट्रेनिंगला कशाला लागत्यात?” मी म्हणाले. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, “त्येला कळालंय.” आणि पाटोद्यापर्यंत ती पिशवी दोन्ही हातांनी धरून बसलीस.

मित्रानं दोन तिकिटं काढून ठेवली होती. आत इतका गारवा की तू पदर डोक्यावरून घेतलास. खुर्ची मागं गेली तशी घाबरून माझा हात धरलास, मग पाय वर घेऊन मांडी घातलीस आणि मला म्हणालीस, “आता बाजंवर बसल्यासारकं वाटायलंय.” त्या अंधारात तुझं तोंड पडद्याच्या उजेडानं कधी निळं, कधी लाल व्हायचं. तू पहिल्यांदा एका सिनेमाची सुरुवात बघत होतीस. मी सिनेमा कमी आणि तुला जास्त बघितलं. तिथं बसून मला छावणीतल्या दुपारीच असल्यासारखं वाटत होतं. कुठूनतरी जनावरांचा रवंथ ऐकू येईल, असं सारखं वाटत होतं.

सिनेमा बापलेकीचा होता. बापानं लेकीला घराबाहेर काढलेलं, आणि शेवटी भर लग्नमंडपात, सगळ्या गावासमोर, तो तिच्या पायावर डोकं ठेवतो. लोक रडतात, पाऊस पडतो, गाणं लागतं. मीही रडले. लाइट लागले आणि दारातून झाडू घेतलेल्या चार बाया आत आल्या. त्यात मित्रा होती, निळ्या कपड्यांत, डोक्याला टोपी. तू उठलीस. मला वाटलं, तिला मिठी मारशील. तू दोन रांगा खाली गेलीस, वाकलीस आणि सांडलेल्या लाह्या गोळा करायला लागलीस. “आई, बस गं,” ती म्हणत होती, “आई, साहेब बघतील.” तू ऐकलं नाहीस. दोघी एका रांगेच्या दोन टोकांनी झाडत झाडत मधे आलात. मग ती टोपीसकट तुझ्या खांद्यावर पडली. मी पडद्याकडं तोंड करून उभी राहिले. पडद्यावर नुसती नावं चालली होती.

परतीच्या गाडीत मी म्हणाले, चांगला होता सिनेमा. तू शेंगांची टरफलं पदरात गोळा करत होतीस.

“काय चांगला? बापाला पाया पडाया लावलं म्हून? ती पोरगी मंग घरला गेली का न्हाई, ते दावलंच न्हाई.”

“गेली असणार की.”

“मी आसते तर गेले नसते.”

“आक्का, एवढा बाप पायावर पडल्यावरसुद्धा?”

“बाप पाया पडला म्हंजी त्याचं वज्झं उतरलं. तिचं कुटं उतरलं? तिनं कावून जायचं?”

मी म्हणाले, माणसानं कधीतरी सोडून द्यावं. तू म्हणालीस, ते सांगणारा नेहमी दुसराच असतो. मी चिडले. तू झोपल्याचं सोंग घेतलंस. त्यानंतर किती वर्षं आपण तो वाद काढला! फॅटच्या टेबलावर, तुझ्या ओट्यावर, एकदा तर भर बाजारात. तू हटली नाहीस, मीही नाही. मला नंतर नंतर शंका यायची, तू मला हरवायचं म्हणून म्हणतेस की खरंच तसं वाटतं. आणि मी तरी ‘सोडून द्यावं’ म्हणून एवढी का भांडायची? तू मला सोडून दिलं होतंस म्हणून. त्या दुपारचं तू एकदाही काढलं नाहीस. मी तुझ्याकडून माफी मागून घेतली नाही, ती तशीच वापरत राहिले.

आक्का, चुकलं माझं. हे मी अंबाजोगाईच्या दवाखान्यात म्हणणार होते. तू पलंगावर, हाताला सलाईन, ओठ सुकलेले. मी जवळ बसले, तुझा हात घेतला, तोंड उघडलं, आणि तू डोळे न उघडता विचारलंस, “काय लागलंय आता?” मला कळलंच नाही काय म्हणतेस. मग कळलं. मी एका नव्या सिनेमाचं सांगायला लागले. त्याचा शेवट मित्रानं फोनवर सांगितला होता, सुरुवात मला ठाऊक नव्हती. मी रचत गेले. कुठला राजा, कुठली विहीर, त्याची आंधळी बहीण. तू मधेच म्हणालीस, “बहिनीला लई बोलायला लावू नकू.” मी तिला गप्प केलं. तू झोपलीस. दोन दिवसांनी तू गेलीस, आणि ते दोन शब्द माझ्यापाशीच राहिले.

आता ज्या दोन गोष्टी तुला माहीत नाहीत, त्या सांगते.

तू गेलीस ती पहाटे. ऊन चढत होतं, भावकीतले लोक म्हणायला लागले, आता ठेवू नका, उरकून घ्या. भानुदासभाऊ भिंतीला टेकून बसले होते. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, “थांबायचं. पोरगी यायली हाय.” तिला कुणी कळवलं, हे मी कमलला विचारलं, तर ती म्हणाली, मी नाही. मीही कळवलेलं नव्हतं, माझी हिंमतच झाली नव्हती. फोन त्यांनीच केला होता. नंबर त्यांच्याकडं होता, छावणीत तुझ्याकडून घेतला त्या फोनमधला. मित्रा चार वाजता पोचली. तोपर्यंत त्यांनी कुणाला तुला हलवू दिलं नाही. ओलं फडकं घेऊन स्वतः तुझ्याजवळ बसून राहिले. ती आली तेव्हा बाजूला झाले. तिच्याशी बोलले नाहीत. तिनंही त्यांच्याकडं पाहिलं नाही.

दुसरी गोष्ट जलदान विधीच्या दिवशीची. भंतेजींनी पंचशील दिलं, वंदना झाली, जेवणं झाली. माझी सासू, आता काठी घेऊन चालते, तीही पंगतीत बसली होती. तिला तुझ्या घरात जेवताना बघून मला वाटलं, तू असतीस तर तिला आग्रहानं दुसरी पोळी वाढली असतीस. दुपारी मित्रा परत निघाली. मी तिच्याबरोबर फाट्यावर गेले. जीपमधे ती खिडकीशी बसली. तेवढ्यात भानुदासभाऊ आले, पायी, त्या उन्हात. खिडकीशी उभे राहिले. कितीतरी वेळ जीपच्या पत्र्यावर हात ठेवून नुसते उभे.

मग म्हणाले, “गाडी लागती का गं अजून तुला?”

मित्रा त्यांच्याकडं बघत राहिली. बारा वर्षांत पहिल्यांदा ते तिच्याशी बोलले होते. आदल्याच दिवशी तिनं मला सांगितलं होतं, की आता तिला काही होत नाही, जामखेडच्या स्टँडवर गाडीतच बसून तिनं भजी खाल्ली होती.

“लागती, आबा,” ती म्हणाली.

त्यांनी खिशातून तीन लिंबं काढली आणि खिडकीतून तिच्या हातात दिली. ती म्हणाली नाही, येते. ते म्हणाले नाहीत, ये. जीप भरली नव्हती तरी ड्रायव्हरनं काढली. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं तिथं उभे होतो. मग ते माझ्याकडं वळले. डोळे कोरडेच होते. डोक्याचं उपरणं काढून त्यांनी माझ्यापुढं धरलं.

“घ्या ताई, डोक्यावर घ्या,” म्हणाले. “घर लांब हाय तुमचं.”